वाचनालयातलं इंटरनेट: जोडणी, चाळणी आणि टॅबची देवघेव

पोलीस भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. कुलूप नीट लागलंय का बघायला म्हणून रात्री साडेनऊला वाचनालयाकडं गेले, तर पायरीवर पाच पोरं मोबाईल घेऊन बसलेली. आतला राउटर चालू राहिला होता आणि बंद दारातून त्यांना रेंज मिळत होती. मला बघून एकजण गडबडीनं उठला, "मॅडम, बंद करू नका ओ, एवढा फोटो अपलोड होऊ दे." सव्वादहापर्यंत मीही तिथंच बसून राहिले.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. त्या दिवसापर्यंत वाचनालयातलं नेट म्हणजे ऑफिसातला एक संगणक, तोही अनुदानाची माहिती भरण्यापुरता. आज वाचकांसाठी चार संगणक आहेत, वायफाय आहे आणि घरी न्यायला सहा टॅब आहेत. जिल्ह्यातले दुसरे ग्रंथपाल फोन करून हे कसं केलं ते विचारतात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा, काय चुकलं आणि काय जमलं ते एकदा सगळं लिहून काढते.

आधी ठराव, मग खरेदी

संगणक घ्यायच्या आधी कार्यकारी मंडळाच्या सभेत बसून काही प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात उतरवून घ्या. नेट फक्त सभासदांना की कुणालाही? एकाला किती वेळ? पैसे घ्यायचे का? मुलांसाठी वेगळा नियम काय? फिल्टर लावायचा तर कुठल्या संगणकावर? आणि कुणी तक्रार घेऊन आलं तर निर्णय कोण देणार? आम्ही हा शेवटचा प्रश्न सोडला होता. मग एक पालक तावातावानं आले, "वाचनालयात पोरांना यूट्यूब कशाला दाखवता?" आणि मंडळातले चौघे चार उत्तरं देऊ लागले. आता लेखी आहे: रोजचा निर्णय ग्रंथपालाचा, त्यावरचं अपील कार्यवाहांकडं, आणि तिथंही समाधान झालं नाही तर मंडळापुढं.

आमचे नियम साधे आहेत. सभासद असो नसो, ४० मिनिटं. मागं कुणी थांबलं नसेल तर पुढं चालू. नेटचे पैसे नाहीत, प्रिंटचे आहेत. भरतीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की दोन संगणक त्यासाठीच राखून ठेवतो.

पैशाचं म्हणाल तर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करा. आमदार निधीसाठी पत्र द्या. गावातून पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्यांना यात्रेच्या वेळी गाठा. आमचे दोन संगणक असेच आले. देणगीतला जुना संगणक घेताना एवढंच बघा, की विंडोज १०ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. त्यावर लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, चार जीबी रॅमवर चालतं, आणि वाचनालयाच्या फार उपयोगाची एक सोय त्यात आहे, ती पुढं सांगते.

जोडणी कुणाच्या नावावर

कार्यवाहांच्या घरचं ब्रॉडबँड वायर ओढून वाचनालयात आणायचं, असं बऱ्याच गावांत चालतं. तसं करू नका. घरगुती जोडणी बाहेरच्या लोकांना वापरायला द्यायला कंपन्यांच्या अटींत सहसा परवानगी नसते. शिवाय त्यावरून कुणी काही गैर केलं तर पहिली विचारणा त्या एका माणसाकडं होते. जोडणी संस्थेच्या नावावर, संस्थेच्या पॅनवर घ्या. तुमच्या ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटचं, म्हणजे गावोगावी नेट पोचवायच्या केंद्राच्या योजनेचं, फायबर आलेलं असेल तर तिथनं जोड मिळते का, हेही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून ठेवा.

लोकांच्या स्वतःच्या मोबाईलसाठी वायफाय द्यायचं असेल तर वापरणाऱ्याची ओळख पटवूनच, सहसा मोबाईलवरच्या ओटीपीनं, जोडणी द्यायची अशी दूरसंचार विभागाची अट आहे. पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवला की झालं, असं समजू नका. ही डोकेदुखी कमी करायचा सरळ रस्ता म्हणजे पीएम-वाणी, सार्वजनिक वायफायची केंद्राची योजना. केंद्रीय मंत्रिमंडळानं ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. त्यात किराणा दुकानदारापासून वाचनालयापर्यंत कुणीही 'पीडीओ', म्हणजे सार्वजनिक डेटा कार्यालय होऊ शकतं, आणि त्याला परवाना लागत नाही. ओटीपीनं ओळख पटवणं, त्याची नोंद ठेवणं ही कामं मधली एकत्रीकरण करणारी कंपनी करते. अशा जोडणीसाठी पूर्वी महागडे व्यावसायिक दर सांगत. २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, त्याला लगाम घातला: २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट दरानं द्यायचे. दर सांगायला माणूस आला की त्याला हे ऐकवा.

वेग किती घ्यावा? एका स्क्रीनवर चांगल्या दर्जाचा व्हिडिओ चालायला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात. चार संगणक आणि वीसेक मोबाईल धरले तर १०० एमबीपीएस पुरून उरतं. आमची अडचण वेगाची नव्हतीच, विजेची होती. दुपारी लाईट गेली की नेट गेलं. राउटर आणि फायबरचा डबा सहसा बारा व्होल्टवर चालतात आणि वीज फार कमी खातात. त्यांच्यासाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो. घेताना दोन्हीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते मोबाईलमध्ये फोटो काढून दुकानात न्या. आता लाईट जाते, संगणक बंद पडतात, पण मोबाईलवर अर्ज भरणाऱ्याचं काम अडत नाही.

राउटरवर दोन वायफाय करा, एक ऑफिसचं आणि एक वाचकांचं. वाचकांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वापरलं की त्यांच्या मोबाईलवरून ऑफिसच्या संगणकापर्यंत आणि प्रिंटरपर्यंत पोचता येत नाही. राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि नवा पासवर्ड लिहिलेला कागद सभासद नोंदवहीबरोबर कपाटात ठेवा. ग्रंथपाल आजारी पडली तर दुसऱ्याला सापडायला हवा.

संगणकावर मागं काही उरू नये

सुरुवातीला आम्ही पहिला संगणक तसाच उघडा ठेवला होता. दोन महिन्यांनी 'डाउनलोड्स' फोल्डर उघडून बघितलं आणि हात थंड पडले. गावातल्या निम्म्या तरुणांची आधार कार्डं, जातीचे दाखले, बँक पासबुकांचे फोटो, एका मुलीच्या दवाखान्याच्या तपासणीचा रिपोर्ट. ई-आधारची फाईल पासवर्डनं बंद असते, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. गावात ते कुणाला माहीत नसतं? शेजारीच एकाचं व्हॉट्सअॅप वेब उघडं होतं, निरोप येतच होते. मी ते सगळं पुसलं आणि त्या दिवशी संगणक बंद ठेवला.

लिनक्स मिंटची सोय ती इथं. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट सेशन' चालू करा. वाचक पासवर्डशिवाय आत येतो, काम करतो, आणि लॉगआउट केलं की त्याच्या फाईली, ब्राउझरचा इतिहास, लॉगिन सगळं नाहीसं होतं. पुढच्या माणसाला कोरा संगणक मिळतो. काम सुरू करताना प्रत्येकाला एक वाक्य मात्र सांगायचंच: "फाईल पेनड्राईव्हवर घ्या किंवा स्वतःला मेल करा, इथं काही राहत नाही." आम्ही ते मोठ्या अक्षरांत छापून स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटवलंय, कारण पहिल्या आठवड्यात एका पोरानं दोन तास खपून केलेला बायोडेटा गेला होता.

विंडोजच ठेवायचं असेल तर वाचकांसाठी साधं, बिनअधिकाराचं खातं करा. प्रशासकाचा पासवर्ड फक्त ग्रंथपाल आणि कार्यवाह यांच्याकडं असू द्या. फायरफॉक्समध्ये 'नेहमी खासगी ब्राउझिंग' हा पर्याय निवडा. विंडोजच्या सेटिंगमधल्या 'स्टोरेज सेन्स'मध्ये डाउनलोड्स फोल्डर एका दिवसानंतर रिकामं करायला सांगा, आणि संध्याकाळी बंद करताना स्वतः एकदा बघा.

मराठी कीबोर्ड बसवायला विसरू नका, इनस्क्रिप्ट (देवनागरीची ठरलेली मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे) दोन्ही. टायपिंगची परीक्षा देणारी मुलं इनस्क्रिप्ट मागतात, बाकी सगळे फोनेटिक. एका संगणकावर एनव्हीडीए हे फुकटचं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाका आणि हेडफोन ठेवा. तो संगणक विंडोजचाच हवा. दृष्टिहीन वाचकांना सुगम्य पुस्तकालयाची, म्हणजे त्यांच्यासाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाची, ओळख करून द्या. आमच्याकडं असे दोघं येतात. दोघंही आधी वर्तमानपत्र वाचतात, मग बाकीचं.

नोंदवहीत काय लिहायचं

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ साली सायबर कॅफेंसाठी नियम आले. ओळखपत्र बघणं, वापराची नोंद ठेवून ती किमान वर्षभर जपणं, आडोशाची उंची साडेचार फुटांच्या वर न नेणं, ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाबरोबर मोठं माणूस असणं, आणि कुठल्या साइट बघितल्या त्याचा लॉगही ठेवणं, असं त्यात आहे. व्याख्येप्रमाणे सायबर कॅफे म्हणजे धंद्याचा भाग म्हणून लोकांना नेट देणारी जागा. आम्ही नेटचे पैसे घेत नाही, त्यामागं हेही एक कारण आहे. तुम्ही पैसे घेणार असाल तर आधी वकिलांना विचारून घ्या.

तरी त्यातलं जे शहाणपणाचं वाटलं ते आम्ही घेतलं. नोंदवहीत पाच रकाने आहेत: तारीख, नाव, संगणक क्रमांक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. 'कशासाठी' हा रकाना आधी होता, तो काढला. पुस्तक नेताना आपण कधी विचारतो का, हे कशाला वाचताय म्हणून? नोंदवही उघडी टेबलावर पडू देऊ नका. पुढच्यानं सही करताना मागच्या पानावरची नावं वाचली, असंच गावात बोलणं पसरतं. आणि कुणी येऊन "माझा पोरगा काल काय बघत होता?" असं विचारलं तर सांगायचं नाही. पोलिसांकडून विचारणा आली तर नम्रपणे लेखी आदेश मागायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये कागदपत्र हजर करायला सांगण्याची रीत दिलेली आहे. लेखी आलं की मंडळाला कळवून हवी तेवढीच नोंद द्यायची.

स्क्रीन भिंतीकडं पाठ करून ठेवायच्या की उघड्यावर, यावर आमच्याकडं बरीच चर्चा झाली. मोठ्यांचे तीन संगणक आम्ही असे लावले आहेत, की मला माणूस दिसतो पण स्क्रीनवरची अक्षरं वाचता येत नाहीत. मुलांचा संगणक मात्र देवघेवीच्या टेबलासमोर, तोंड माझ्याकडं.

फिल्टर

इथं मी सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून सविस्तर सांगते.

मुलं काही भलतं बघतील या धास्तीनं मी सगळ्या संगणकांच्या ब्राउझरमध्ये शब्द बघून पान अडवणारं एक एक्स्टेन्शन टाकलं. अभ्यासिकेतली एक मुलगी राज्यसेवेची तयारी करत होती. जनगणनेवर टिपणं काढताना तिनं लिंग-गुणोत्तराचा इंग्रजी शब्द टाइप केला. तिला २०११चा महाराष्ट्राचा आकडा हवा होता, हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया. त्या इंग्रजी शब्दात 'सेक्स' आहे. स्क्रीनभर लाल पाटी आली: अश्लील मजकूर, प्रवेश नाही. मागच्या बाकावर तीन मुलं होती. तिनं वही मिटली आणि निघून गेली. मला काहीच कळलं नाही. आठ दिवसांनी तिची मैत्रीण म्हणाली, "ताई, ती आता येणार नाही म्हणते." मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. ती आली पुन्हा, पण महिनाभरानं. एक्स्टेन्शन मी मैत्रिणीनं सांगितलं त्याच संध्याकाळी काढून टाकलं होतं.

शब्दांवर चालणारा फिल्टर वाचनालयात लावू नका. स्तनाचा कर्करोग, पाळी, गर्भनिरोधन, एचआयव्ही, बलात्काराचा कायदा, सगळं त्यात अडकतं. आपल्या सांगलीत संग्रामसारखी संस्था १९९२ पासून एचआयव्हीवर काम करते आहे. त्याच जिल्ह्यातल्या वाचनालयात त्या विषयाचं पान उघडू नये, हे कसं चालेल? ज्याच्याकडं घरी सांगायला कुणी नाही, तोच हे शोधायला आपल्याकडं येतो.

त्यापेक्षा डीएनएसचा फिल्टर बरा. साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. फिल्टरवाली डीएनएस सेवा अश्लील किंवा व्हायरस पसरवणाऱ्या साइटचा पत्ताच देत नाही. ती शब्द बघत नाही, आख्खी साइट बघते. फुकट आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. आम्ही तीन पातळ्या केल्या:

- मुलांचा संगणक: क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर, १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. यात गुगल-बिंगचा सुरक्षित शोध आणि यूट्यूबचा मर्यादित मोड आपोआप लागू होतो.
- वाचकांचं वायफाय: क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ आणि १.०.०.३. व्हायरस आणि अश्लील साइट दोन्ही अडतात.
- मोठ्यांचे संगणक: १.१.१.२ आणि १.०.०.२. फक्त व्हायरस आणि फसव्या साइट अडतात, बाकी सगळं खुलं.

हे पत्ते भरताना आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. वायफायसाठी राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये (जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) भरा. संगणकांसाठी प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वेगळे भरा. मग तीन ठिकाणी गळती असते, ती बुजवा. एक, आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत: तुमच्या जोडणीवर ते चालू असेल तर त्याचा डीएनएस वेगळा असतो आणि फिल्टरला बगल मिळते. त्याचेही पत्ते भरा, नाहीतर ते बंद करा. दोन, ब्राउझरच्या सुरक्षा सेटिंगमधला 'सुरक्षित डीएनएस': तो चालू असला तर ब्राउझर तुमचा डीएनएस वापरतच नाही. मुलांच्या संगणकावर तो बंद ठेवा. तीन, दुरुस्तीला आलेला माणूस. लाईन बिघडली की तो राउटर रीसेट करून जातो आणि आपले पत्ते जाऊन कंपनीचे परत येतात. आमच्याकडं हे दोनदा झालं. दुसऱ्या वेळी तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. आता दर महिन्याच्या एक तारखेला मी मुलांच्या संगणकावर गुगलमध्ये सुरक्षित शोध चालू आहे का बघते आणि नोंदवहीत टीप करते.

मोबाईलवाला व्हीपीएन लावून किंवा फोनमधला 'प्रायव्हेट डीएनएस' बदलून फिल्टर ओलांडू शकतो. त्याच्यामागं लागू नका. तो स्वतःच्या डेटावरही तेच करू शकतो. राउटरचा फिल्टर चुकून समोर येणाऱ्या गोष्टींपासून मुलांना वाचवण्यासाठी आहे, तेवढं तो करतो.

फिल्टर चुकतोच, मोठ्या कंपनीचाही चुकतो. क्लाउडफ्लेअरनं ही कुटुंबांसाठीची सेवा १ एप्रिल २०२० रोजी सुरू केली तेव्हा समलिंगी आणि पारलिंगी लोकांना माहिती देणाऱ्या साइटही अडल्या होत्या. कंपनीनं चूक मान्य करून दुरुस्ती केली. म्हणून अडलेलं पान उघडून द्यायची रीत फिल्टर लावायच्या दिवशीच ठरवा. अमेरिकेत २००० साली कायद्यानं केंद्राचा निधी घेणाऱ्या ग्रंथालयांना फिल्टर सक्तीचा केला. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा टिकवला, आणि त्यात वजनदार ठरलेला एक मुद्दा हा होता, की मोठा माणूस मागेल तेव्हा ग्रंथपाल फिल्टर उघडून देऊ शकतो. आमच्याकडं टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक डबा आहे. साइटचं नाव लिहून डब्यात टाकायचं, स्वतःचं नाव लिहायचं नाही. रोज दुपारी मी त्या बघते. घाई असेल तर सरळ मला सांगायचं, मी मोठ्यांच्या संगणकावर बसवून देते. का हवं, ते विचारत नाही.

दोन गोष्टींत मात्र सवलत नाही. मोठ्यांच्या संगणकावर कुणी अश्लील व्हिडिओ लावला तर मी जवळ जाऊन हळू आवाजात बंद करायला सांगते, चारचौघांत बोलत नाही. पुन्हा झालं तर महिनाभर संगणक नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर ही वेगळीच बाब आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बखाली तो शोधणं, बघणं, उतरवून घेणं हाच गुन्हा आहे. तसं काही दिसलं तर लॉगआउट करू नका, काही पुसू नका, संगणक आहे तसा ठेवून कार्यवाहांना बोलवा आणि पोलिसांना कळवा. ऑनलाइन पैशाची फसवणूक झालेला कुणी धावत आला तर १९३० लावून द्या. हा नंबर आमच्या प्रत्येक स्क्रीनवर चिकटवलेला आहे.

टॅब घरी देणं

टॅबची देवघेव पुस्तकासारखीच ठेवा, म्हणजे लोकांना वेगळं काही शिकावं लागत नाही. प्रत्येक टॅब डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या कायम वस्तूंची नोंदवही) चढवा, सीरियल नंबर आणि सिमचा असेल तर आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) लिहा, मागं क्रमांकाचं लेबल लावा. चार्जरला आणि केबललाही तोच क्रमांक द्या. हे केलं नाही तर सहा महिन्यांत सहा टॅबमागं दोन चार्जर उरतात. देवघेवीसाठी कोहा किंवा ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर टॅबसाठी वेगळा प्रकार करून मुदत पंधरा दिवस टाका. कुणी मागणी नोंदवली असेल तर मुदतवाढ नाही.

अनामत किती? मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं, टॅबच्या पूर्ण किमतीएवढी घ्या. ज्याच्याकडं तेवढे पैसे आहेत त्याच्याकडं टॅब पण असतो, असं मी म्हटलं. आम्ही ५०० रुपये ठेवले, आणि तेही जमत नसेल तर दोन वर्षं जुन्या सभासदाची हमी चालते. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही. करार एका पानाचा, मराठीत: परत कधी, हरवला तर काय, काच फुटली तर किती, पाण्यात पडला तर काय. भरपाईचे आकडे करारातच छापा, वर्षागणिक कमी होणारे. नंतर घासाघीस होत नाही. आजवर एक टॅब फुटला. त्या आजोबांनी दोन हप्त्यांत पैसे दिले.

गुगल खात्याचा सापळा नीट समजून घ्या. एका पोरानं टॅबवर स्वतःचं खातं घातलं, पॅटर्न लावला, आणि पुण्याला नोकरी लागली म्हणून आईच्या हाती टॅब परत पाठवला. पॅटर्न कुणाला माहीत नाही. आम्ही बटणं दाबून फॅक्टरी रीसेट केला. टॅब सुरू झाला आणि म्हणाला, आधीचं खातं टाका. चोरी झालेला टॅब चोराला वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे. पोराला पासवर्ड आठवेना. दिवाळीला तो गावी येईपर्यंत टॅब कपाटात पडून होता. आता टॅब परत घेताना सभासद समोर असतानाच पाहतो: कुलूप उघडून दाखवा, सेटिंगमधून खातं काढा, मग सेटिंगमधूनच रीसेट. पाच मिनिटं लागतात. तोवर मी पिशवीतलं चार्जर, केबल, सूचनांचा कागद मोजते आणि काचेवर तिरका उजेड पाडून चरे बघते. अनामत त्यानंतरच परत.

सिमचं डोंगल घरी द्यायचं का, यावर आम्ही नाही म्हटलं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०१४च्या सुमारास असे हॉटस्पॉट घरी द्यायला सुरुवात केली, ते वाचून मलाही मोह झाला होता. पण सिम संस्थेच्या नावावर असलं की त्यावरून झालेल्या प्रत्येक गोष्टीची विचारणा संस्थेकडं येणार, आणि डेटाचं रिचार्ज दर महिन्याला. आमच्यासारख्या वाचनालयाला ते झेपत नाही. त्यापेक्षा टॅबमध्ये वाचायचं भरून द्या. मळ्यातल्या वस्तीवर तसंही रेंज नसते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. साहित्य संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं मोफत उपलब्ध केली आहेत. मराठी विकिस्रोतावर जुनं साहित्य आहे. आपल्या शेजारच्या वाईत जन्माला आलेला मराठी विश्वकोशही नेटवर आहे, तो मात्र वाचनालयातच वाचावा लागतो. टेलिग्रामवरून आलेल्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ टॅबमध्ये कधीही भरू नका, मग मागणी कितीही असो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी लिहिलेलं भरायला हरकत नाही. जो लेखक आज लिहितोय, त्याचं पुस्तक विकत घेऊन कपाटात लावायचं हे आपलं काम.

कपाटात पडून असलेले टॅब पूर्ण चार्ज किंवा पूर्ण रिकामे ठेवू नका, निम्म्यावर ठेवा आणि महिन्यातून एकदा बघा. पाठ फुगलेली दिसली तर तो टॅब त्याच क्षणी बाजूला काढा, चार्जिंगला लावू नका. रात्रभर चार्जिंगला लावून कुलूप घालून जाणं आमच्याकडं बंद आहे.

आणि पूर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगली नगर वाचनालयात शिरलं. १८६९ पासून जपलेल्या त्या संग्रहातली हजारो पुस्तकं गेली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून आमच्याकडं राउटर, फायबरचा डबा आणि यूपीएस पहिल्यापासून वरच्या मजल्यावर आहेत, खाली फक्त एक वायर येते. आयर्विनला ३५ फूट झालं की खालचे संगणक टेबलासकट वर जातात. टॅब त्या दिवशी कपाटात ठेवत नाही. चार्ज करून, सगळे सहा, शाळेतल्या निवारा केंद्रात मुलांकडं देतो, आणि वायफायचा पासवर्ड सरपंचांकडं.